दुमुंडीची खाच

दौलत कुबलने उभ्या आयुष्यात एकच घर स्वतःच्या डोक्यातून काढलं, आणि ते इतकं चांगलं उतरलं की पुढे त्या घराची कोणी स्तुती केली तर तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचा. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत तो आणि त्याची बायको नलू राहत. चाळीतले बहुतेक पुरुष गिरणीत. दौलत मात्र इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी ट्रामने फोर्टात जायचा, म्हणून खालच्या मजल्यावरच्या बायका त्याला ‘नकाशेवाले’ म्हणत. त्यात थोडा मान होता आणि थोडी चेष्टा.

नकाशेवाला म्हणजे काय, तर ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीने नकाशा काढायचा आणि दौलतने त्यावर पारदर्शक कापड ताणून तो शाईने गिरवायचा. चौदा वर्षं तो दुसऱ्यांच्या रेघा गिरवत होता. मलबार हिलवरचे बंगले, माटुंग्याच्या इमारती, कुठल्याशा राजाचा पोहण्याचा तलाव, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. नकाशाच्या कोपऱ्यात साहेबांचं नाव ठसठशीत आणि त्याखाली नखाएवढ्या अक्षरांत ‘डी. के.’. आपलं पूर्ण नाव त्या कोपऱ्यात कधीतरी यावं, एवढी एकच हाव त्या माणसाला होती. दारू नाही, पत्ते नाहीत. पण एकच हाव असली की ती भारी अंगलट येते, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मूळचे हे लोक मालवणकडचे गाबित, पिढ्यानपिढ्या गलबतं हाकणारे. दौलतचा बाप तांडेल होता, म्हणजे गलबताचा मुख्य. दौलत नऊ वर्षांचा असताना बापाने त्याला आपल्याच गलबतातून मुंबईला आणलं आणि लालबागच्या मामाकडे शिकायला ठेवलं. पुढच्या वर्षी बाप तापाने गेला. थोरला भाऊ कोंडीराम तेव्हा सोळाचा. त्याने सुकाणू धरलं, आणि त्याने ते धरलं म्हणूनच धाकट्याला शाळेत बसता आलं. ही गोष्ट कोंडीरामने कधी तोंडातून काढली नाही, आणि दौलत कधी विसरला नाही. वर्षातून आठ-दहा वेळा नारळ, कौलं, काथ्या घेऊन कोंडीरामचं गलबत दारूखान्याच्या धक्क्याला लागे, तेव्हा दौलत हटकून भेटायला जाई. धक्क्यावर उभं राहूनच बोले. नऊ वर्षांचा असताना त्या एका प्रवासात तो इतका ओकला होता की नंतर त्याने होडीत म्हणून पाय ठेवला नाही.

त्याच प्रवासात, दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बापाने दोघा भावांना जवळ घेऊन समुद्रातली एक खूण दाखवली होती. प्रत्येक तांडेलाच्या घराण्याच्या अशा खुणा असतात. कुठल्या डोंगराआड काय आलं की सुकाणू कुठे फिरवायचं, हे बाप मुलाला सांगतो, ते फक्त समुद्रात असताना. जमिनीवर खूण उच्चारायची नाही. उच्चारली तर ती फसवते, असं हे लोक मानतात. दौलतने त्या संध्याकाळी ती ऐकली, पण ओकाऱ्यांनी अर्धमेला झालेल्या पोराच्या ध्यानात ती कितपत राहणार.

१९५५ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाहेर मुंबई तापली होती. मोर्चे फोर्टापर्यंत येत, कचेरीच्या खिडक्या मधूनच बंद कराव्या लागत, आणि चाळीत रोज रात्री गॅलरीत ‘मुंबई कोणाची’ यावर कडाक्याची भांडणं होत. अशा दिवसांत साहेबांकडे एक शेठ आला. कोकण किनाऱ्यालगतचं एक ओसाड बेट त्याने विकत घेतलं होतं. तिथे त्याला दगडी घर हवं होतं, पण एका अटीवर. समुद्रावरून जाणाऱ्याला ते दिसता कामा नये. माणसांचा त्याला कंटाळा आला होता म्हणे. इतका पैसा करून माणसांचा कंटाळा येणं हेही एक सुखच म्हणायचं.

कचेरीतल्या दोघा शिकलेल्या आर्किटेक्टांनी दोन नकाशे केले. एकात मंगलोरी कौलांचा बंगला, दुसऱ्यात गच्चीवाला. शेठने दोन्ही परत केले. मग बेटाचे फोटो आणि मोजणीचा कागद बरेच दिवस टेबलावर पडून राहिले. दौलतने ते सहज उचलले आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्याने ते बेट ओळखलं होतं. काळ्या खडकाचं, दोन्ही टोकांना दोन डोकी वर आलेली आणि मधे खोल खाच. दुमुंडी. त्या अख्ख्या कचेरीत हे नाव एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

त्या फोटोकडे तो तीन दिवस पाहत राहिला. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्याने बोर्डवर कागद लावला आणि पहिल्यांदाच कोणाच्या रेघेवर रेघ न ठेवता काढायला बसला. घर डोक्यावर बांधलं तर दिसणार, उतारावर बांधलं तरी दिसणार. मग ते खाचेतच का बसवू नये? दोन डोक्यांच्या मधली जागा घराने भरून काढायची. भिंती सरळ उभ्या नकोत, कड्यासारख्या तळाशी रुंद आणि वर निमुळत्या. दगड बेटावरचाच फोडायचा आणि त्याची ऊनपाऊस खाल्लेली, शेवाळ धरलेली बाजू बाहेर ठेवायची, घडवलेली बाजू घराच्या आत. सांध्यांतला चुना बोटभर आत ढकलायचा म्हणजे रेघ दिसणार नाही. खिडक्या कपारींच्या सावलीत. आणि वर सपाट छपरावर वीतभर माती टाकून तिच्यात बेटावरचंच गवत लावायचं. घराचा माथा दोन्ही डोक्यांशी बरोबर जुळवून घेतला की झालं. बेट जणू जन्मापासून तसंच होतं.

साहेबांनी तो कागद पाहिला आणि चष्मा काढून पुसला. एरवी ते काम पसंत पडलं तर नुसतं ‘ठीक’ म्हणत. त्या दिवशी म्हणाले की कुबल, हे घर तुझं, नकाशाच्या कोपऱ्यात नाव तुझं जाईल. शेठलाही चित्र इतकं आवडलं की त्याने पावसाळ्याआधी काम पुरं करायची घाई लावली. दौलत त्या संध्याकाळी फोर्टातून लालबागपर्यंत पायी आला. ट्राममध्ये बसून राहणं त्याला शक्यच नव्हतं.

जानेवारीत शहरात गोळीबार झाला. लालबाग, गिरगाव, सगळीकडे कर्फ्यू. चाळीतला एक पोरगा गोळी लागून गेला आणि चार दिवस कुठल्याच खोलीतून मोठ्याने बोलणं ऐकू आलं नाही. कर्फ्यू जरा सैल झाला तेव्हा दौलत बेटाचे नकाशे पत्र्याच्या नळकांड्यात घालून कचेरीकडे निघाला, कारण गवंड्यांसाठी ते त्याच दिवशी रवाना व्हायचे होते. भायखळ्याला पोलिसांनी अडवलं. आपलाच, साताऱ्याकडचा हवालदार होता. त्याने नळकांडं उघडायला लावलं आणि समुद्राच्या बाजूने काढलेलं चित्र आडवं-उभं करून पाहिलं.

“हे काय आहे?”

“घराचा नकाशा आहे, साहेब.”

हवालदाराने चित्र पुन्हा डोळ्यांशी नेलं. “घर कुठंय यात? डोंगर दिसतोय नुसता.”

काय सांगायचं, ज्या रस्त्यावर दोन दिवसांपूर्वी माणसं पडली होती त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या दौलतला आनंदाने भरून आलं. त्याने बोट ठेवून दाखवलं, ही भिंत, ही खिडकी, हे छप्पर. हवालदाराने मान हलवली आणि सोडून दिलं. पुढे कचेरीपर्यंत दौलत ते वाक्य मनात घोळवत गेला. आपल्याला त्या आनंदाची लाज कशी वाटली नाही, असं तो नंतर नलूला विचारायचा. 

आनंद आठ दिवस टिकला. एका संध्याकाळी तो खाटेवर पडला होता. नलूने दिवा लावून फळीवर ठेवला, पाण्याच्या दोन कळशांच्या मधे. दौलत पडल्या पडल्या त्या फटीतून दिव्याकडे बघत होता. मग तिने तांदळाचा डबा उचलला आणि दोन्ही कळशांच्या पुढ्यात ठेवला. दिवा दिसेनासा झाला. दौलत ताडकन उठून बसला.

गलबतावरच्या त्या तिन्हीसांजेला बापाचा हात त्याच्या खांद्यावर होता, खाऱ्या पाण्याने खरबरीत झालेला. गलबत बेटाच्या बाहेरून उत्तरेकडे चाललं होतं. बेटामागे किनाऱ्यावर एक देऊळ, त्यात संध्याकाळी दिवा लागतो, तो लांबून दिसतो, पण बेट मधे आलं की झाकला जातो. फक्त बेटाच्या बरोबर समोर आलं की दोन मुंड्यांच्या मधल्या खाचेतून तो घटकाभर लुकलुकतो. लुकलुकला की सुकाणू बाहेर, खोल समुद्राकडे. कारण पुढे पाण्याखाली खडकांची रांग आहे. हे सगळं बापाने सांगितलं होतं. आणि दौलतने त्या खाचेत घर बसवलं होतं.

त्याने नलूला सांगितलं. जमिनीवर खूण बोलू नये हे तेव्हा त्याच्या लक्षातही राहिलं नाही. नलू चाळीत वाढलेली, तिला समुद्रातलं काही कळत नव्हतं, पण हे तिला लगेच कळलं. ती म्हणाली, “अहो, उद्याच साहेबांना सांगा. छप्पर खाली घ्या म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेला. साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते की आमच्या ऑफिसात कुबल म्हणून एक माणूस आहे, त्याने दगडाला दगडात लपवलंय, येऊन बघाच. त्याला पाहून त्यांनी हसून हात केला. दौलतही हसला आणि परत बोर्डवर येऊन बसला. छप्पर सहा फूट खाली घेतलं असतं तर घर उघडं पडलं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि त्याने स्वतःची समजूतही घातली. पोराची आठवण ती, कशावरून खरी? खाच दुसऱ्याच बेटाची असेल. आता तर सगळीकडे दीपगृहं झालीत, कोण बसतंय देवळातल्या दिव्याच्या भरवशावर. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील सापडायचा नाही.

“साहेबांना नाही तर नाही,” नलू म्हणाली, “पण भावजी येतील तेव्हा त्यांना तरी सांगा. ते बाकीच्यांना सांगतील. एवढं तरी करा.” एवढं करीन, असं त्याने देवाची शपथ घेऊन कबूल केलं.

कोंडीरामचं गलबत शिमग्याच्या आधी दारूखान्याला लागलं. दौलत धक्क्यावर गेला. कोंडीराम फळीवरून खाली उतरला, नेहमीप्रमाणे धाकट्याच्या पाठीवर जोरात थाप मारली, नलूसाठी कोकमांची पुरचुंडी दिली. मग घरच्या, गाईच्या, देवळाच्या दुरुस्तीच्या गोष्टी झाल्या.  शेवटी त्याने आडून विचारलं, “दादा, लहानपणी बाबांनी आपल्याला दुमुंडीची खूण सांगितली होती. ती नेमकी काय रे?”

कोंडीरामचा चेहरा बदलला. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, “जमनीर खूण सांगूची नसता, दौलत. तुका ठावक आसा ना?”

“मला नुसतं खात्री करायची होती.”

“तू जमनीवयलो माणूस. तुका कशाक होयी खात्री?” मग त्याला धाकट्याच्या तोंडाकडे बघून दया आली असावी. त्याने आवाज मऊ केला. “शिमग्याक चल माझ्यावांगडा. होडयेर ये, दर्यात सांगतंय तुका. वीस वर्सा झाली, तू घराक येवक नाय.”

दौलत म्हणाला की काम फार आहे, सुट्टी नाही. मग कोंडीरामच बोलता बोलता म्हणाला की दुमुंडीवर हल्ली पाथरवट दिसतात, कोणीतरी खडी काढतंय वाटतं. बस, इथे सगळं सांगता आलं असतं. त्या एका वाक्याला धरून दौलतला म्हणता आलं असतं की दादा, ती खडी नाही, ते घर आहे, माझं घर आहे, आणि ते खाच बुजवणार आहे. शब्द दातांपर्यंत आले होते. पण मग दादा विचारणार, तुला खूण आठवली तरी तू बांधलंस? ज्याने सोळाव्या वर्षी सुकाणू धरून आपल्याला शाळेत बसू दिलं त्याच्यासमोर हे कबूल करायचं. दौलतने तोंड मिटलं. एकाने जमिनीवर खूण बोलायची नाही म्हणून तोंड मिटलं आणि दुसऱ्याने लाजेपोटी. दोघे भाऊ धक्क्यावर उभे राहून चहा प्यायले, आणि संध्याकाळच्या भरतीला गलबत सुटलं.

घरी आल्यावर नलूने विचारलं, सांगितलंत का? दौलतने पायातल्या वहाणा काढल्या, कोकमांची पुरचुंडी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “सांगितलं.” नलूने देवासमोर साखर ठेवली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तोवर तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता. त्यामुळे तिला शंका येण्याचं काही कारण नव्हतं.

मे महिन्यात घर पुरं झालं. छपराचं आणि वरच्या भिंतीचं काम शेवटच्या तीन आठवड्यांत उरकलं, आणि तोवर कोंडीरामने आपलं गलबत गावात किनाऱ्यावर ओढून घेतलं होतं. त्याचं गाव बेटापासून एका दिवसाच्या अंतरावर, दक्षिणेला. तिथे कोणाला काही कळण्याचा संबंध नव्हता. साहेब स्वतः होडीतून जाऊन बघून आले. येताना त्यांनी समुद्रावरून काढलेला फोटो आणला. त्यात एक सलग काळा डोंगर होता. दुमुंडीला आता एकच मुंडी होती. दौलतने तो फोटो बराच वेळ पाहिला. त्याला स्वतःचं घर शोधावं लागलं. कोपऱ्यात त्याचं नाव घातलेला नकाशा साहेबांनी काच लावून कचेरीच्या भिंतीवर टांगला. जी गोष्ट चौदा वर्षं हवी होती ती मिळाली, आणि तो त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागला.

पाऊस लागला. गलबतं किनाऱ्यावर, कोणी समुद्रात नाही, तोवर दौलतला झोप लागायची. कोंडीरामला पत्र लिहावं असं त्याने तीनदा ठरवलं. कोंडीरामला वाचता येत नसे, पत्र शाळामास्तर वाचून दाखवायचा, म्हणजे खूण साऱ्या गावासमोर मोठ्याने वाचली जाणार. तिन्ही वेळा त्याने पोस्टकार्ड घेतलं आणि चिंध्या केल्या. नारळी पौर्णिमा जवळ आली तसा तो जेवेनासा झाला. नलूला वाटलं पोटाचं काहीतरी आहे, ती ओवा भाजून द्यायची.

नारळी पौर्णिमा झाली. गणपतीच्या आधी मुंबईत नारळ पोचवायचे म्हणून कोंडीराम दरवर्षी हंगामातला पहिला निघणारा. दौलत रोज कचेरी सुटल्यावर दारूखान्याला जाऊ लागला. दक्षिणेकडून आलेल्या प्रत्येक गलबतावर चौकशी करी. वाटेत कुबलाचं गलबत दिसलं का? कोणाला दिसलं नव्हतं. चौथ्या दिवशी एक म्हातारा तांडेल त्याच्या तोंडाकडे न बघताच म्हणाला की घरी जा बाबा, इथे उभा राहू नको.

गणपती दोन दिवसांवर आले असताना राजाराम चाळीत आला. राजाराम म्हणजे कोंडीरामच्या गलबतावरचा खलाशी, गावातलाच, दौलतच्या वयाचा. हातापायांवर खडकांवरच्या कालवांच्या शिंपल्यांनी कापल्याच्या जखमा होत्या. तो उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना. नलूने हाताला धरून आत घेतला, पाणी दिलं. मग तो खाली मान घालून सांगू लागला.

दुपारपासून पावसाच्या सरी येत होत्या. तिन्हीसांजेला थोडं उघडलं तेव्हा उजव्या हाताला एक बेट दिसलं, एका मुंडीचं. दुमुंडीच्या दक्षिणेला तीन कोसांवर कासव नावाचा तसाच एका मुंडीचा खडक आहे, आणि पावसात तो त्यांना दिसलेलाच नव्हता. कोंडीराम म्हणाला की हे कासव, दुमुंडी अजून लांब आहे. तरी तो खाचेची आणि दिव्याची वाट बघत नजर लावून उभा होता. दिवा दिसला नाही म्हणून सुकाणू सरळच राहिलं. मग तळाखाली आवाज झाला. गलबत दोनदा आपटलं आणि फुटलं. चारजण होते. तिघं पोहत बेटाला लागले. कोंडीराम सुकाणूपाशी होता, तो सापडला तिसऱ्या दिवशी, किनाऱ्यावर, त्या देवळाच्या खाली.

 मग नलू म्हणाली, “पण भावजींना तर माहीत होतं.”

राजारामने मान वर केली. “काय म्हायत होता?”

नलूने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. दौलतला वाटलं की आता हिने ओरडावं, मारावं. पण ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

तेव्हा दौलतने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. “राजाराम, तुम्ही रात्रभर बेटावर होता. तिथलं घर नाही दिसलं तुम्हाला?”

राजारामला प्रश्न कळला नाही. “खयचा घर?” तो म्हणाला. “थय घर नाय, दौलत. आमी सकाळसर त्या कड्याक पाठ लावन बसलेले. नुसतो खडक आसा.”

गावी जाऊन दौलतने भावाचे दिवस केले. वहिनीला त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही. परत आल्यावर तो सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि छपरावर चुन्याचा पांढरा खांब उभारा म्हणाला. साहेब हळहळले, शेठला विचारतो म्हणाले. शेठने नकार दिला. ज्या घरासाठी त्याने एवढं केलं त्या घरात तो जेमतेम दोन हिवाळे राहिला आणि कंटाळला. दौलतने भिंतीवरच्या नकाशातून आपलं नाव पात्याने खरवडून काढलं.  पुढे नोकरी संपेपर्यंत तो दुसऱ्यांच्याच रेघा गिरवत राहिला.

पण एक गोष्ट त्याने केली. गावाहून आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तो दारूखान्याच्या धक्क्यावर उभा राहिला आणि येईल त्या तांडेलाला सांगू लागला, दुमुंडीची खाच आता नाही, दिव्याची वाट बघू नका. तांडेल त्याचं ऐकून घेईनात. जमिनीवर कोणी खूण बोलायला लागला की ते पाठ फिरवत, काहीजण थुंकत. एकाने त्याला वेडा समजून हाकलून दिलं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. असं पंधरा-वीस दिवस चाललं. शेवटी ज्याने त्याला घरी जायला सांगितलं होतं तोच म्हातारा तांडेल गलबताच्या फळीवर येऊन उभा राहिला.

“हय सांगू नको,” तो म्हणाला. “होडयेर ये. दर्यात सांग.”

 भाऊ याच जागी उभा राहून हेच म्हणाला होता. तो फळीवरून चालत गेला. गलबत बंदराबाहेर पडेपर्यंत तो कठड्याला धरून ओकत होता. मुंबईचा किनारा मागे पडल्यावर त्याने तोंड धुतलं आणि म्हाताऱ्याजवळ बसून सांगितलं की दुमुंडी आता एकमुंडी झाली आहे, देवळाचा दिवा तिच्या दक्षिण टोकाआड गेला की लगेच सुकाणू बाहेर घ्या. खाच कोणी बुजवली, तेही सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि सुकाणूवरचा हात काढला नाही.

त्यानंतर दर वर्षी नारळी पौर्णिमेला तो पंधरा दिवसांची रजा काढायचा. सुटणाऱ्या गलबतात चढायचा, बंदराबाहेर गेल्यावर खूण सांगायचा आणि मासे घेऊन येणाऱ्या कोळ्यांच्या होडीतून परत यायचा, आणि पुन्हा दुसऱ्या गलबतात. साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला तेव्हा सगळी चाळ शिवाजी पार्कला गेली होती, आणि दौलत मधेच रजा काढून दाभोळच्या एका नव्या तांडेलाला खूण सांगायला समुद्रात गेला होता. पाण्याची सवय त्याला शेवटपर्यंत झाली नाही. नलू त्याच्या पिशवीत न चुकता दोन लिंबं ठेवायची.